निर्णय होत नसेल तेव्हा अष्टाक्षरी कशी लिहावी

घरची केळी सांभाळायची की पुण्याची नोकरी धरायची, असा पेच जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडच्या घराघरांत पडतो. त्यावर कविता लिहायला बसलं की पहिली ओळ बहुतेकांची अशी येते : ‘माझ्या मनाची द्विधा ही’. आठ अक्षरं चोख भरतात, पण डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

म्हणून आधी कागदाच्या दोन बाजूंना दोन वाटा लिहा. प्रत्येकीखाली हाताला लागतील अशा पाच वस्तू मांडा. ‘स्वप्न’, ‘कर्तव्य’ खोडा. बॅग, ठिबकची नळी, निसवणीला आलेली (घड बाहेर पडू लागलेली) केळ चालेल. दोन्हीकडची एकेक वस्तू निवडून शेजारी ठेवा :

बॅग भरून ठेवली
उंबऱ्याच्या आत आहे
केळ निसवाया आली
ठिबकची नळी वाहे

चरण चार, प्रत्येकी अक्षरं आठ, यमक दुसऱ्या-चौथ्याला. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही; ‘उंबऱ्याच्या’ची अक्षरं चारच. एखादं अक्षर कमी पडलं की ‘हा’, ‘तो’, ‘ना’ घुसडण्याचा मोह होतो. तसं केलं की ओळ लगेच पोकळ वाजते. त्यापेक्षा शब्दच बदला.

आता खरी अवघड गोष्ट, मनाची घालमेल ओळीत आणणं. त्यासाठी आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) ओळ बोटांवर मोजा : ‘मन वढाय वढाय’. दोन, तीन, तीन. पुढे ‘किती हाकला हाकला’, पुन्हा दोन, तीन, तीन. उभ्या पिकातलं ढोर हाकललं तरी फिरून येतं, तसा शब्दही फिरून येतो. ‘मला ठरवता येत नाही’ असं कुठेच म्हटलेलं नाही, आणि तरी सगळं कळतं! बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ही रचना कानाची आहे. तुम्हीही एखादं क्रियापद दोनदा आणून बघा. मात्र एका कवितेत एकदाच, नाहीतर पाळण्याचं गाणं होतं.

भाषा घरात ज्या बोलीत वाद होतो तीच घ्या. अहिराणीत ‘माझा’चा ‘मन्हा’ झाला की यमक मोडतं, म्हणून प्रमाण मराठीत लिहून नंतर बोलीत फिरवू नका.

सगळ्यात जास्त कविता बिघडतात शेवटच्या कडव्यात. तिथे लिहिणारा घाईने निर्णय देऊन टाकतो, ‘मातीच माझी आई’ वगैरे. ते कडवं झाकून उरलेलं मोठ्याने वाचा. बॅग अजून उंबऱ्याच्या आतच असेल, तर झाकलेलं कडवं काढून टाका.