महिन्याचं वाणसामान: वरण पातळ न करता खर्च कसा बसवायचा

महागाई वाढली की घरात पहिली कात्री कुठे लागते ते पाहा. फळं बंद होतात, वरण पातळ होतं, पालेभाजी आठवड्यातून एकदाच येते. तेलाचा डबा, बिस्किटं, फरसाण आणि चहाची साखर मात्र जागची हलत नाही. खर्च आणि पोषण दोन्ही सांभाळायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. त्यासाठी दुकानात जाण्याआधी मापाची यादी हवी. भाव नंतर लिहायचे.

माप आधी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या रोजच्या ताटाचं माप दिलं आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम (मांसाहारी घरात अंडी, मासे, मटणही यातच), भाज्या 400, फळं 100, दूध-दही 300 मिलिलिटर, दाणे-तेलबिया 35 आणि तेल-तूप 27 ग्रॅम. चार मोठ्या माणसांच्या घराला हे असं लागतं:

- धान्य महिन्याला 30 किलो
- डाळी-कडधान्यं 10 किलो
- शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे मिळून 4 किलो
- तेल-तूप साडेतीन लिटर
- दूध रोज सव्वा लिटर
- भाज्या आठवड्याला 11 किलो, फळं पावणेतीन किलो

भाज्यांत बटाटा धरू नका. घरात लहान मुलं असतील तर धान्य आणि तेल कमी लागेल, दूध मात्र कमी करू नका.

प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर माणशी 5 किलो, म्हणजे चौघांना 20 किलो धान्य मोफत मिळतं. मग उरलेल्या 10 किलोंत पुन्हा गहू-तांदूळ घेऊ नका. ज्वारी, बाजरी, नाचणी घ्या. 100 ग्रॅम नाचणीत जवळपास 300 मिलिलिटर दुधाइतकं कॅल्शियम असतं. ते अंगी लागतं थोडं कमी, पण भावाच्या मानाने ते परवडतंच.

प्रोटीनचा भाव काढा

दहा किलो डाळी हा आकडा वाचून दचकायला होईल. म्हणून किलोच्या भावावर जाऊ नका. 10 ग्रॅम प्रोटीन किती रुपयांना पडतं ते काढा. एका किलोत किती ग्रॅम प्रोटीन आहे त्याने किलोच्या भावाला भागायचं आणि दहाने गुणायचं. पुढचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या दुकानातले घाला.

सोयाबीनच्या वड्या 140 रुपये किलो, प्रोटीन साधारण 520 ग्रॅम: 10 ग्रॅमला पावणेतीन रुपये. हरभरे 90 रुपये, 190 ग्रॅम: पावणेपाच. शेंगदाणे 140 रुपये, 240 ग्रॅम: सहाच्या आत. तूरडाळ 150 रुपये, 215 ग्रॅम: सात. अंडं 7 रुपयांचं, त्यात सहा-साडेसहा ग्रॅम: अकरा. दूध 60 रुपये लिटर, 32 ग्रॅम: एकोणीस. पनीर 400 रुपये किलो, 180 ग्रॅम: बावीस.

यावरून दूध तोडायचं असं कोणी ठरवू नये. दूध कॅल्शियमसाठी आहे. पण पनीर ही रोजची गरज नव्हे, हौस आहे. सोयाबीनच्या वड्याही रोज नकोत, आठवड्यातून दोनदा माणशी 25 ग्रॅम पुरे.

रोजच्या 340 ग्रॅम डाळी-कडधान्यांची वाटणी अशी बसते: वरण किंवा आमटीला 160 ग्रॅम डाळ, दुसऱ्या वेळच्या उसळीला 120 ग्रॅम कोरडं कडधान्य, उरलेले 60 ग्रॅम बेसनाच्या रूपात, पिठलं, धिरडी किंवा पीठ पेरलेली भाजी. खिचडीला दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ घ्या. मूठभर डाळ घातलेली खिचडी म्हणजे पिवळा भात. आतापर्यंत महिन्याला चार किलोच डाळ येत असेल, तर एकदम दहावर जाऊ नका, पोटं बिघडतील. दरमहा दोन किलो वाढवा.

मोड आणणं घरीच करावं. कडधान्य आठ तास भिजवायचं, पाणी पूर्ण निथळू द्यायचं, ओलसर फडक्यात बांधून 12 ते 16 तास उबेत ठेवायचं; थंडीत जास्त वेळ लागतो. मटकी चिकट झाली, वास आला, तर पुरचुंडीत पाणी राहिलं होतं असं समजा. 100 ग्रॅम मटकीची मोडानंतर दुप्पट-सव्वादोनपट होते, पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. विकतच्या मोडांचा भाव पाहताना हे लक्षात ठेवा.

तेलाची वाटी

सगळ्यात मोठी गळती इथे आहे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल जातं, तूप आणि बाहेरचं खाणं वेगळंच. उपाय साधा आहे. सकाळी 120 मिलिलिटर तेल एका वाटीत काढून ओट्यावर ठेवा. दिवसभराच्या फोडण्या आणि पोळ्यांना लावायचं तेल त्यातूनच. पोळ्यांना तूप लावत असाल किंवा वरणावर घेत असाल तर तेवढं तेल कमी काढा. पहिले काही दिवस वाटी दुपारीच रिकामी होईल. बहुतेक वेळा दोषी भाजी नसते. पोळीच्या दोन्ही बाजूंना फिरणारा चमचा असतो. तळण असेल त्या दिवशी हिशेब दोन दिवसांत फेडायचा. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा.

मिठाचंही तसंच. माणशी 5 ग्रॅमने किलोभर मीठ चौघांना 50 दिवस जायला हवं, आणि त्यात लोणच्या-पापडांतलं मीठ धरलेलंच नाही.

भाजी: निवडल्यावरचा भाव

मटाराच्या एक किलो शेंगांतून दाणे जेमतेम अर्धा किलो निघतात, तेव्हा 60 रुपयांचा मटार खरा 120 चा. पालेभाजीच्या जुडीचंही असंच. जाड देठांची, मातीने भरलेली जुडी स्वस्त दिसते. उलट दुधी, कोबी, लाल भोपळा यांत फारसं वाया जात नाही. मुळ्याचा, बिटाचा, नवलकोलचा पाला टाकू नका, त्याची भाजी होते. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह जास्त अंगी लागतं. जेवणाला लागून घेतलेला चहा त्याच्या उलट काम करतो.

मंडईत आठवड्यातून दोनदा जा, एकदाच सगळं आणू नका. पालेभाजी दोन दिवसांत संपवायची, मग फळभाज्या, शेवटी कोबी, भोपळा, गाजर. पावसाळ्यात पालेभाज्या महागतात आणि लवकर सडतात. ते दिवस उसळींचे. फळांत सफरचंदाचा हट्ट सोडा. पेरू, पपई, केळी, चिकू हंगामात निम्म्या भावात मिळतात, आणि क जीवनसत्त्वात पेरू सफरचंदाला ऐकत नाही.

साठवण

गहू आणि ज्वारी मार्च ते मे या काळात वर्षाची भरली तर बहुधा स्वस्त पडतात, पण जागा कोरडी असेल तरच. कडक ऊन द्या, पूर्ण निवू द्या, मगच डब्यात भरा. गरम धान्य भरलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. गव्हाला एरंडेल चोळतात ते ठीक. बोरिक पावडर खायच्या धान्याला नको. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. बाजरीचं पीठ त्याहून लवकर कडू होतं, ज्वारीचं विरी गेलं, म्हणजे जुनं होऊन त्याचा चिकटपणा गेला, की भाकरी थापताना चिरते.

पाकिटं

यांना महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळी रक्कम काढून ठेवा, संपली की संपली. पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा ‘मल्टीग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल तर ते मैद्याचं बिस्किट. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींचं तसंच, साखर कितव्या नंबरला आहे ते बघा. त्या पैशांत घरी शेंगदाण्याचे लाडू आणि फुटाणे येतात.

महिन्याच्या पंधरा तारखेला डबे उघडून पाहा. तेल अर्ध्याहून कमी आणि डाळ अर्ध्याहून जास्त उरली असेल तर माप उलटं चाललं आहे. आणि मधेच एखाद्या भाजीचा भाव भडकला तर तिच्यामागे पळू नका: टोमॅटो महागला की आमटीला चिंच किंवा आमसूल घाला, कांदा महागला की हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर भागवा. फळांचे पैसे त्यासाठी मोडू नका.