'टू मेनी ओपन फाइल्स' आलं की आधी लिमिट वाढवू नका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागामागाला वेगळी लॉग फाइल पडत असेल आणि महिन्याभराच्या सगळ्या एकदम पायथन स्क्रिप्टला दिल्या, की निम्म्यात येऊन ती एरर 24, म्हणजे 'टू मेनी ओपन फाइल्स', देऊन बसते. लगेच यूलिमिट, म्हणजे एका वेळी किती फाइल उघडता येतील ती मर्यादा, वाढवायचं डोक्यात आणू नका की ओ. लिनक्सवर एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, साधारण 1024 हँडल (उघड्या फाइलींचे नंबर) मिळतात, आणि पार्सिंगला, म्हणजे लॉग वाचून माहिती काढायला, एका वेळी दोन-तीन पुरतात, मग बाकीची गेली कुठं?

स्क्रिप्ट चालू असतानाच दुसऱ्या टर्मिनलवर एलएसओएफ मायनस पी (lsof -p, उघड्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) आणि पुढं स्क्रिप्टचा प्रोसेस आयडी टाका. वाचून झालेल्या लॉगची नावं तशीच दिसतायत आणि यादी वाढतच चाललीय, म्हणजे ओपन केलेलं क्लोज होत नाहीये. बहुतेक वेळा लूपमध्ये ओपन करून हँडल लिस्टमध्ये ठेवलेलं असतं, नाहीतर क्लोज पार खाली लिहिलेलं असतं आणि मधल्या एखाद्या अर्धवट ओळीवर (लाइट गेली की हमखास पडते तसली) एक्सेप्शन, म्हणजे चालता चालता एरर, येतं, ट्राय-एक्सेप्ट ते गिळतं आणि क्लोज राहूनच जातं. विथ ओपन वापरा, एक्सेप्शन आलं तरी फाइल बंद होते.

यादीत नावापुढं डिलीटेड दिसलं तर प्रकरण वेगळं. लॉगरोटेटनं (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामनं) जुनी फाइल उडवली पण स्क्रिप्ट अजून तिलाच धरून बसलीय, म्हणून नवीन ओळी येत नाहीत आणि डिस्कही मोकळी होत नाही. तिथं फाइल बंद करून त्याच नावानं परत ओपन करा.