सेवापत्रकातलं वय आणि माझं वाया गेलेलं वर्ष

स्पॅनिश बऱ्यापैकी येतं, आयर्लंडमधली किन्सेलची १६०१ची लढाई आणि १६०७चं आयरिश सरदारांचं देशत्याग प्रकरण माहीत आहे, आणि आता स्पेनच्या फौजेतल्या एखाद्या आयरिश माणसावर काम करायचंय, अशांसाठी हे लिहितोय.

पहिलं म्हणजे अलेहान्द्रो ओ'रायलीच्या मागे लागू नका. आयर्लंडातल्या मीथमध्ये जन्मलेला, हिबर्निया या स्पॅनिश फौजेतल्या आयरिश रेजिमेंटमध्ये वाढलेला, १७६९मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या बंडाच्या पाच पुढाऱ्यांना गोळ्या घालणारा आणि १७७५मध्ये अल्जियर्सला सडकून मार खाणारा हा माणूस. त्याच्यावर लिहिणारे ढीगभर आहेत. त्याच १७७५मध्ये डब्लिनचा उगो ओकोनोर तिकडे ॲरिझोनात टूसॉनच्या ठाण्याची जागा ठरवत होता. लाल केसांमुळे लोक त्याला 'तांबडा कप्तान' म्हणत. तोही मोहक आहे, पण तोही नको. एखादा साधा लेफ्टनंट धरा.

आता माझी फजिती. अधिकाऱ्यांची सेवापत्रकं, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या नोंदी, स्पेनमधल्या सिमान्कासच्या किल्ल्यातल्या दप्तरखान्यात आहेत, आणि त्यांतली बरीच 'पारेस' या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दिसतात. पत्रकात वय, देश, कुळ, तब्येत असे रकाने असतात. जन्मसाल नसतं, हे नीट लक्षात घ्या. पत्रक भरलं त्या दिवशीचं वय असतं, तेही अंदाजे. माझ्याकडे एकाच नावाची, एकाच रेजिमेंटची दोन पत्रकं आली. वयाचा हिशेब जुळेना, तेव्हा मी म्हटलं, कारकुनाचा ढिसाळपणा. बाप आणि मुलगा होते ते! आयरिश रेजिमेंटमध्ये पोरगं बापाच्याच पलटणीत कॅडेट म्हणून लागायचं, नावही तेच. देशाच्या रकान्यात एकाला 'आयर्लंड' होतं, दुसऱ्याला स्पेनमधलं छावणीचं गाव. मी तो रकाना वाचलाच नव्हता, कारण सगळे आयरिशच असणार ना! वर्षभर एका माणसाचं म्हणून जे चरित्र रचलं, ते दोघांचं निघालं.

म्हणून वयावर जुळवणी कधीच करू नका. प्रत्येक हुद्दा कधी मिळाला, त्याचा दिवस, महिना, साल वेगळ्या रकान्यात असतं. कॅडेट झाल्याची तारीख दोन पत्रकांत एकच असेल तरच माणूस एक. ती जुळली नाही तर थांबा, नाव कितीही जुळो.

आणि नाव तरी कुठे जुळतं? 'ओ'नंतरचं चिन्ह गळतं, अक्षरं दुप्पट होतात, ह्यू चा उगो होतो. सगळी रूपं शोधा. कुळाच्या रकान्यात 'उमराव' दिसलं की हरखूनही जाऊ नका, तिथे बहुतेक सगळेच उमराव असतात.

जुन्या हस्ताक्षराचं यंत्राकडून लिप्यंतर करून घेणारे मला भेटतात. घ्या, पण संक्षेपांवर यंत्र घसरू शकतं. मोडी शिकलेल्यांनी घाबरायचं कारण नाही: 'रा. रा.' वाचता येतं त्याला 'दोन' (Don) या स्पॅनिश आदरार्थी उपाधीचं आखडलेलं रूप आठवड्यात जमतं. माझ्या मार्गदर्शकांनी बाप-मुलाची ती चूक वर्षभर पाहिली नाही, कारण त्यांनी मूळ पानं कधी मागितलीच नाहीत. मार्गदर्शक निवडताना एवढंच विचारा, मूळ पानं बघता का?

तो मुलगा पुढे कुठे गेला ते आता शोधतोय. बापाचं प्रकरण लिहून झालंय, दुसऱ्यांदा.