एका खोलीत तीन इयत्ता: बहुवर्ग अध्यापनाची घडी कशी बसवावी

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे मराठवाड्यातील तांड्या-वस्त्यांवरच्या शाळांत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असणे ही कायमची स्थिती आहे आणि नियोजन तिला धरूनच करावे लागते.

तासिकेचे इयत्तावार तुकडे पाडून एका वर्गाला शिकवायचे आणि बाकीच्यांना ‘धडा उतरवून काढा’ म्हणायचे, ही पद्धत सर्वांत आधी सोडावी. उतरवून काढणाऱ्या मुलाचे हात चालतात, शिकणे मात्र थांबलेले असते. माझ्या मते बहुवर्ग अध्यापनाचे यश शिक्षक समोर नसलेल्या गटाच्या कामावर ठरते. ते काम आधी शिकवून झालेल्या भागाचे असावे आणि बरोबर की चूक हे मुलाला स्वतः पडताळता यावे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर उदाहरण आणि मागे उत्तर लिहून कार्डे केली, चिंचोके आणि दहा-दहाचे जुडगे बांधलेल्या काड्या जवळ ठेवल्या, की दुसरीचा गट वीस मिनिटे बेरीज-वजाबाकी करत राहतो. तेवढ्या वेळात चौथीला भागाकार नव्याने समजावता येतो.

भाषा आणि गणितासाठी गट इयत्तेनुसार न करता पातळीनुसार करावेत. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यांपैकी मूल कुठवर वाचते ते एकेकाला जवळ बसवून पाहावे. परिसर अभ्यासात मात्र सर्वांना एकच विषय चालतो. ‘घरचे पाणी’ घेतले, तर लहान मुले भांड्यांची चित्रे काढून नावे सांगतात, तिसरीची मुले पाणी कुठून येते ते आजीला विचारून येतात आणि मोठी मुले घागरी मोजून दिवसाचा हिशेब मांडतात.

बंजारा तांड्यावर पहिलीत आलेले मूल घरी गोरमाटी बोलते. अशा वेळी मोठ्या मुलांनी सूचना त्याच्या बोलीत सांगणे हा एकत्र वर्गाचा खरा लाभ आहे. तरीही गटप्रमुख दर आठवड्याला बदलावा आणि त्याचे शिकवणे दहा मिनिटांपुरते ठेवावे, कारण पाचवीच्या हुशार मुलीला रोज लहानांपाशी बसवले, तर तिचा स्वतःचा अभ्यास बुडतो.

ऊसतोडीच्या पट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दिवाळीच्या सुमारास आई-वडील कारखान्याकडे निघाले, की जी मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर मागे राहू शकत नाहीत, ती त्यांच्यासोबत जातात. जाण्याआधी प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याची वाचनाची पातळी आणि गणितातील शेवटचे पूर्ण झालेले कार्ड तारखेसह लिहून ठेवावे. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मूल परत आले, की वर्ग कोणत्या धड्यावर आहे हे न पाहता त्या पानावरच्या नोंदीच्या पुढच्या कार्डापासून त्याला काम द्यावे.