अर्थविचाराचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलेल्या मुलांच्या अर्थविचारातल्या, म्हणजे शब्दाला-वाक्याला अर्थ कसा येतो या विषयातल्या, व्याख्या तोंडपाठ असतात. घोळ होतो तो उदाहरणात.

शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो तोच त्याचा अर्थ, ही समजूत आधी सोडा. ‘बहिणाबाई चौधरी’ आणि ‘कवी सोपानदेवांची आई’ ही व्यक्ती एकच. तरी ‘बहिणाबाई म्हणजे सोपानदेवांची आई’ यातून नवं काही कळतं, ‘बहिणाबाई म्हणजे बहिणाबाई’ यातून कळत नाही. जर्मन तत्त्वज्ञ फ्रेगे यांनी १८९२ मध्ये दाखवलेला भेद हाच: निर्देश एक, आशय दोन.

व्युत्पत्तीला अर्थ मानू नका. खानदेश हे नाव ‘कान्हदेश’वरून आलं की फारुकी राजांच्या ‘खान’ किताबावरून, हा वाद इतिहासाचा. चोपड्याचा माणूस आज ‘खानदेश’ म्हणतो, तेव्हा त्या वादाने त्याच्या बोलण्यात काही फरक पडत नाही. आणि ‘वापर म्हणजेच अर्थ’ हे तत्त्वज्ञ विटगेनश्टाइन यांच्या नावावर सरसकट खपवू नका. हे सगळ्याच बाबतींत लागू नाही, असं त्यांनी हा विचार मांडला तिथेच म्हटलं आहे.

सर्वात जास्त गोंधळ संस्कृत काव्यशास्त्रातल्या लक्षणा आणि व्यंजना या दोन शब्दशक्तींत होतो. ‘अख्खं आसोदा बाजाराला गेलं.’ गाव काही उठून जात नाही. वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, अडला, म्हणून गावाशी जोडलेली माणसं घ्यावी लागली; ही लक्षणा. आता मे महिन्यात भर दुपारी निघालेल्या पाहुण्याला मावशी म्हणते, ‘ऊन फार झालंय हो.’ इथे काहीच अडत नाही, ऊन खरंच आहे. तरी ‘थांबा, उन्हं उतरल्यावर जा’ हे पाहुण्याला बरोबर ऐकू येतं. ही व्यंजना. लक्षणेवर उभी राहणारी व्यंजनाही असते, पण पहिला प्रश्न हाच विचारा: वाच्यार्थ अडला का?

मावशीचं हे वाक्य भाषेचे तत्त्वज्ञ ग्राइस यांच्या विवेचनातही चपखल बसतं. पण तेवढ्यावरून ‘ध्वनी (व्यंजनेतून सुचणारा अर्थ) म्हणजेच ग्राइसचा सूचितार्थ’ असं लिहून मोकळे होऊ नका, ही मला सर्वात खटकणारी चूक. ध्वनीचा सिद्धान्त मांडणारे आनंदवर्धन काव्याचा प्राण शोधत होते. ग्राइस यांनी १९७५ च्या निबंधात साध्या बोलण्यातला तर्क मांडला: समोरचा सहकार्याने बोलतोय असं धरून ऐकणारा न बोललेल्यापर्यंत कसा पोचतो. त्यांच्या मते असा अर्थ रद्दही करता येतो. ‘ऊन फार झालंय, पण निघा तुम्ही, गाडी चुकेल,’ असं मावशी म्हणाली की थांबण्याचा आग्रह उरत नाही. उत्तरात हे दुसरं वाक्यही लिहा.