ट्रसच्या सांध्यावरचे काप मॉडेलमध्ये कसे द्यावेत

ट्रसच्या (त्रिकोणी रचनेच्या सांगाड्याच्या) सांध्यावर कापाची कमांड चालवण्याआधी तिथला कोणता मेंबर (दांडा) अखंड जाणार आणि कोणता कापला जाणार, हे ठरवून घ्यावे. वरची आणि खालची कॉर्ड, म्हणजे ट्रसच्या कडेचा मुख्य मेंबर, साधारणपणे अखंड ठेवतात व तिरपे आणि उभे मेंबर तिच्या पृष्ठभागाला भिडवून कापतात. दोन तिरपे मेंबर एकमेकांवर चढत असतील आणि त्यांची रुंदी वेगळी असेल, तर रुंद मेंबर आधी कॉर्डला भिडवावा आणि अरुंद मेंबर त्या दोघांवर बसेल असा कापावा. हा क्रम न ठरवता हाताशी येईल तो मेंबर कापत गेल्यास एकाच टोकावर दोन-तीन काप साचतात आणि कारखान्यात कापताच येणार नाही अशी पातळ पाती मॉडेलमध्ये उरते.

काप नीट दिसावा म्हणून मेंबरची मध्यरेषा सरकवणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे, कारण विश्लेषणात या रेषा नोडवर (सांध्याच्या बिंदूवर) एकत्र आलेल्या धरलेल्या असतात आणि त्या सरकल्या की सांध्यात वाढीव मोमेंट (वाकवणारा परिणाम) येतो. उदाहरणार्थ, १५० मिमीच्या चौकोनी पोकळ कॉर्डवर ८० मिमीचे दोन मेंबर ४५ अंशांत येत असतील आणि तिन्ही मध्यरेषा एका बिंदूत मिळत असतील, तर कॉर्डच्या पृष्ठभागावर त्या दोघांमध्ये सुमारे ३७ मिमी जागा उरते. युरोकोड ३ (पोलादी बांधकामाचे युरोपीय मानक) च्या भाग १-८ प्रमाणे इथे किमान ३५ मिमी लागते. तेच मेंबर १०० मिमीचे घेतले, तर जागा ९ मिमीहूनही कमी उरते आणि किमान गरज २५ मिमी असते. अशा वेळी मध्यरेषांचा छेदनबिंदू कॉर्डच्या मध्यरेषेपासून तिरप्या मेंबरच्या विरुद्ध बाजूला ८ मिमीहून थोडा जास्त नेल्यास जागा मिळते आणि ते नियमात बसतेही, परंतु तो निर्णय संरचना अभियंत्याने घेऊन विश्लेषणात नोंदवायला हवा. मॉडेल करणाऱ्याने तो परस्पर घेऊ नये.

रेव्हिट या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये तिरप्या मेंबरच्या टोकावर आधी ‘डिसअलाऊ जॉइन’ द्यावे, म्हणजे आपोआप होणारी जुळणी मध्ये येत नाही. टोक कॉर्डच्या जाडीच्या आत संपेल असे ठेवून मग ‘कोप’ (एका मेंबरच्या आकाराप्रमाणे दुसरा कापणारी) कमांड घ्यावी. आधी कापायचा मेंबर आणि नंतर कॉर्ड निवडावी. टोक कॉर्डच्या पलीकडे गेलेले असेल, तर पलीकडचा तुकडा तसाच राहतो. वेल्डच्या सांध्यात ‘कोपिंग डिस्टन्स’ (कापलेल्या टोकापाशी सोडायचे अंतर) शून्य ठेवावे आणि वेल्डसाठी फट लागणार असेल तरच तेवढे अंतर द्यावे.

टेक्ला या दुसऱ्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये कॉर्डच्या सपाट पृष्ठभागाला भिडणाऱ्या टोकासाठी रेषेच्या कापापेक्षा ‘फिटिंग’ वापरणे योग्य, कारण ते टोक गरजेनुसार लांबवतेही आणि आखूडही करते, तर रेषेचा काप फक्त कमी करतो. गोल पाइपवर गोल पाइप येतो तेव्हा काप खोगिरासारखा वक्र होतो, आणि तिथे एका मेंबरने दुसरा कापण्याची पद्धत वापरताना एक गोष्ट हमखास निसटते: कापणारा पाइप पोकळ असल्याने त्याच्या भिंतीएवढाच भाग वजा होतो आणि पोकळीतला तुकडा मागे राहतो. म्हणून कापण्यापुरता त्याच बाह्य व्यासाचा भरीव गोल बार त्याच अक्षावर ठेवावा आणि काप झाल्यावर तो काढून टाकावा.

रेव्हिटमधली तपासणी तपशिलाच्या ‘फाइन’ पातळीवरच करावी, कारण ‘कोर्स’ पातळीवर रेव्हिट मेंबर एका रेषेत दाखवते आणि काप दिसतच नाही. नोडमधून ट्रसच्या प्रतलाला समांतर छेद घेतला की पोकळीत राहिलेला तुकडा लगेच उघड होतो. साहित्याच्या यादीत ‘लेंग्थ’ऐवजी ‘कट लेंग्थ’ (कापल्यानंतरची लांबी) घ्यावी, आणि आरशासारख्या समोरासमोर येणाऱ्या दोन मेंबरच्या लांबीत फरक दिसला, तर कोणत्या टोकाचा काप सुटला आहे ते शोधावे.