बडोद्याहून क्रुगरला जाताना

बडोद्यातील मराठी कुटुंबे गीरला जातात तेव्हा ठरावीक वेळेची जीप आणि सोबत वाटाड्या असतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात मात्र भाड्याची मोटार स्वतः चालवत दिवसभर हिंडता येते, आणि वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने असल्यामुळे ते अवघडही जात नाही. १९२६ साली स्थापन झालेले हे उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर पसरलेले असून त्याची दक्षिणोत्तर लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. ते सगळे एका खेपेत पाहण्याचा हट्ट धरू नये. चार रात्री असतील तर दोन साबी नदीकाठच्या लोअर साबी या मुक्कामी आणि दोन सतारा येथे काढाव्यात. सातारा नव्हे, सतारा. त्याच्या भोवतालची मोकळी गवताळ माळराने सिंहांसाठी प्रसिद्ध आहेत.

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. पाऊस नसल्याने गवत विरळ होते, जनावरे पाणवठ्यांवर येतात आणि डासही कमी असतात. तरीही हा हिवतापाचा प्रदेश असल्याने प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आपल्या मुलांच्या उन्हाळी सुट्टीत तिथे थंडीची सुरुवात होते, म्हणून पहाटेसाठी स्वेटर आणि कानटोपी हवीच. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असून तिथे १२ तासांहून अधिक थांबा असेल, तर पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. मुक्कामाचे आरक्षण कित्येक महिने आधी करावे. जोहान्सबर्गहून दक्षिणेकडील प्रवेशद्वारांपर्यंत मोटारीने साधारण पाच तास लागतात. शाकाहारी मंडळींनी वाटेतच डाळ-तांदूळ घ्यावेत.

डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर आहे, पण खरे पाहायचे असेल तर २५ च्या वर जाऊच नये. माझे आग्रहाचे सांगणे आहे की धावण्यापेक्षा थांबावे. लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमपाशी इंजिन बंद करून तासभर बसले, की आधी खडकासारखे वाटणारे पाणघोड्यांचे पाठीचे उंचवटे हळूहळू हलू लागतात आणि काठावरचे ओंडके मगरी असल्याचे ध्यानात येते. इम्पाला हरणांचा कळप चरणे सोडून, कान टवकारून एकाच दिशेला पाहू लागला तर आपणही तिकडेच दुर्बीण लावावी. बिबट्या पुष्कळदा असाच सापडतो.

हत्ती रस्त्यावर असेल तर अंतर ठेवून थांबावे. त्याने कान पसरून मान झटकली, किंवा नराच्या कानशिलावर ओले ओघळ दिसले, तर हॉर्न न वाजवता गाडी सावकाश मागे घ्यावी. ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून कधीही उतरू नये, छायाचित्रासाठी दारही उघडू नये. मुक्कामाच्या तळांची फाटके मे ते जुलै या महिन्यांत सायंकाळी साडेपाचला बंद होतात आणि उशीर झाल्यास दंड होतो, म्हणून परतीचे अंतर ताशी २५ च्या हिशेबाने मोजून दुपारी तीनलाच गाडी वळवावी, म्हणजे वाटेत सिंह दिसला तरी त्याच्याजवळ थांबायला वेळ उरतो.